रक्त, गुठळी आणि गोळीचा हिशेब

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या डॉक्टरांनी आयुष्यभर याच तालुक्यात प्रॅक्टिस केली. औषध कशासाठी देतोय हे समजावून सांगितल्याशिवाय चिठ्ठी हातात द्यायची नाही, हा त्यांचा शिरस्ता होता, असे त्यांचे जुने रुग्ण आजही सांगतात. म्हणून आज मी असा विषय निवडला आहे, ज्यात समजावून सांगणे हाच अर्धा उपचार असतो. रक्त गोठू न देणारी औषधे आणि गोठलेले रक्त विरघळवणारी औषधे, हा तो विषय. या सभागृहातल्या पुष्कळांच्या घरी यांपैकी एखादी गोळी असणार. कुणाकडे इकोस्प्रिन, म्हणजे ॲस्पिरिन, कुणाकडे क्लोपिडोग्रेल, कुणाकडे ॲसिट्रॉम.

मला जे सांगायचे आहे ते सुरुवातीलाच सांगून टाकतो. या औषधांची सुरक्षितता पाकिटात बंद होऊन येत नाही. ती मोजमापातून येते. आणि हे मोजमाप एकट्या डॉक्टरचे काम नाही. रुग्ण, घरची माणसे, औषध दुकानदार आणि प्रयोगशाळा, सगळ्यांनी मिळून ते करायचे असते.

आधी गुठळी कशी होते ते पाहू. भाजी चिरताना बोट कापते. पहिल्या काही सेकंदांत रक्तातल्या प्लेटलेट जखमेच्या कडेला चिकटतात, रसायने सोडून आणखी प्लेटलेट बोलावून घेतात आणि तात्पुरते बूच बसवतात. त्याच सुमारास रक्तातली, मुख्यतः यकृतात तयार झालेली, गोठण-प्रथिने एकामागून एक कामाला लागतात. शेवटी थ्रॉम्बिन तयार होते आणि ते फायब्रिनचे धागे विणते. त्या धाग्यांच्या जाळ्यात रक्तपेशी अडकल्या की गुठळी पक्की होते. जखम भरत आली की प्लाझ्मिन नावाचे विकर तेच धागे तोडून टाकते. म्हणजे गोठणे, योग्य जागी थांबणे आणि काम संपल्यावर विरघळणे, या तिन्ही क्रिया निरोगी शरीरात रोज चालू असतात. आपली औषधे यांपैकीच एखाद्या ठिकाणी हस्तक्षेप करतात. त्यांच्यामुळे रक्ताचा दाटपणा बदलत नाही. बदलते ती रक्ताची गोठण्याची तयारी.

आता एक फरक लक्षात घ्या, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. रोहिणीत, म्हणजे हृदयाच्या किंवा मेंदूच्या धमनीत, रक्त जोरात वाहत असते. तिथे चरबीचा थर फुटला की सर्वांत आधी प्लेटलेट जमतात. म्हणून तिथे प्लेटलेटना आवरणारी औषधे लागतात: ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि त्यांची भावंडे. पायाच्या शिरेत, थरथरणाऱ्या कर्णिकेत किंवा धातूच्या कृत्रिम झडपेवर रक्त रेंगाळते, नाहीतर परक्या पृष्ठभागाला लागते. तिथे जोर फायब्रिनच्या जाळ्याचा असतो. म्हणून तिथे हेपॅरिन, वॉरफरिन, ॲसिट्रॉम यांसारखी औषधे लागतात. ‘शेजाऱ्यालाही रक्ताचीच गोळी आहे, त्याची चालेल का?’ असे मला विचारतात. चालणार नाही. शेजाऱ्याची गुठळी वेगळी, तुमची वेगळी.

ही औषधे कुठून आली तेही ऐकण्यासारखे आहे. १९२० च्या दशकात कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात गाईगुरे अचानक रक्तस्राव होऊन मरू लागली. शिंगे कापली, वासराचे खच्चीकरण केले, एवढ्यानेही जनावर रक्त जाऊन मरायचे. पशुवैद्य फ्रँक स्कोफिल्ड यांनी शोधून काढले की कारण ‘स्वीट क्लोव्हर’ हा चारा आहे, आणि तोही फक्त बुरशी लागून खराब झालेला. फेब्रुवारी १९३३ मध्ये विस्कॉन्सिनचा एड कार्लसन नावाचा शेतकरी हिमवादळातून जवळजवळ ३०० किलोमीटर गाडी हाकत मॅडिसनला पोहोचला. गाडीत मेलेली कालवड, खराब चाऱ्याचा ढीग आणि दुधाच्या कॅनभर न गोठणारे रक्त होते. पशुवैद्यकाचे कार्यालय बंद होते. तो पोहोचला कार्ल लिंक या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत. त्या कॅनमधल्या रक्ताचे उत्तर शोधायला लिंक आणि सहकाऱ्यांना सहा वर्षे लागली. १९३९ मध्ये त्यांनी डायकुमेरॉल शुद्ध रूपात वेगळे केले. पुढे त्याच कुळातले अधिक प्रभावी संयुग तयार झाले. संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या विस्कॉन्सिन ॲलम्नाय रिसर्च फाउंडेशनच्या आद्याक्षरांवरून त्याचे नाव ठेवले वॉरफरिन. १९४८ मध्ये ते बाजारात आले ते उंदीर मारण्याचे औषध म्हणून.

माणसाला ते द्यायचे धाडस कुणी करत नव्हते. १९५१ मध्ये अमेरिकी सैन्यात भरती झालेल्या एका तरुणाने आत्महत्येच्या हेतूने ते उंदरांचे औषध खाल्ले. त्याला जीवनसत्त्व ‘के’ दिले आणि तो पूर्ण बरा झाला. यातून दोन गोष्टी एकदम कळल्या: माणसाच्या रक्तावर याचा परिणाम होतो आणि तो परिणाम उलटवताही येतो. १९५४ मध्ये वॉरफरिनला औषध म्हणून मान्यता मिळाली आणि १९५५ मध्ये हृदयविकाराचा झटका आलेल्या राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना ते देण्यात आले. संयुग तेच होते. मात्रा मोजता आली आणि उतारा हाताशी आला, म्हणून विषाचे औषध झाले.

जीवनसत्त्व ‘के’ उताऱ्याला का लागू पडते, हे समजले की घरच्या कितीतरी शंका मिटतात. गोठण्याची चार प्रथिने यकृतात तयार होताना त्यांच्यावर शेवटचा हात जीवनसत्त्व ‘के’च्या मदतीने फिरतो. वॉरफरिन आणि आपल्याकडे जास्त वापरले जाणारे असेनोकुमेरॉल, म्हणजे ॲसिट्रॉम, या जीवनसत्त्वाचा पुनर्वापर रोखतात. मग यकृत प्रथिने बनवत राहते, पण ती धार न लावलेल्या विळ्यासारखी निघतात. दिसायला विळा, पण कापत नाही. रक्तात आधीपासून फिरणारी चांगली प्रथिने मात्र संपायची असतात. एक काही तासांत संपते, दुसऱ्याला दोन-तीन दिवस लागतात. म्हणून आज गोळी वाढवली तर पूर्ण परिणाम चार-पाच दिवसांनी दिसतो. उद्याच तपासून ‘काहीच फरक नाही’ म्हणत पुन्हा गोळी वाढवणे धोक्याचे. आणि एक मात्रा चुकली म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट घेणे तर त्याहून धोक्याचे.

आता आपल्या भागाचे बोलतो. आपल्याकडे ही गोळी तरुण वयात आयुष्यभरासाठी लागण्याचे मोठे कारण संधिवाती ताप हे आहे. लहानपणी स्ट्रेप्टोकोकस जंतूने घसा धरतो, ताप येतो, सांधे सुजतात. सांधे बरे होतात, पण हृदयाची झडप हळूहळू आखडते किंवा गळू लागते. वेळेवर निदान झाले आणि ठरावीक अंतराने पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे चालू ठेवले, तर झडप वाचू शकते. नाहीतर ती बदलावी लागते. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली बनलेली भारतीय झडप १९९० मध्ये पहिल्यांदा रुग्णाला बसवली गेली. आयात झडप न परवडणाऱ्या कुटुंबांसाठी ही मोठी गोष्ट होती. पण कृत्रिम धातूची झडप बसली की रक्ताला एक परका पृष्ठभाग कायमचा लागतो. त्या दिवसापासून गोळी आणि तिचे मोजमाप, दोन्ही जन्माची सोबत होतात.

ते मोजमाप म्हणजे आयएनआर. रक्त गोठायला लागणारा वेळ पूर्वी सेकंदांत सांगत, पण प्रत्येक प्रयोगशाळेचे रसायन वेगळे असल्याने आकडे जुळत नसत. १९८३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आयएनआर ही समान मोजपट्टी आणली. औषध न घेणाऱ्याचा आकडा साधारण १ असतो. बहुतेक कारणांसाठी तो २ ते ३ मध्ये ठेवायचा असतो. डाव्या बाजूच्या मायट्रल जागी धातूची झडप असेल, तर २.५ ते ३.५. खाली गेला तर गुठळी, फार वर गेला तर रक्तस्राव.

या तपासणीत एक छोटी गोष्ट फार मोठा फरक करते. रक्त निळ्या झाकणाच्या नळीत घेतात. तिच्यात रक्त गोठू न देणारा द्रव आधीच मोजून भरलेला असतो आणि रक्त खुणेपर्यंतच भरायचे असते. नळी अर्धी राहिली तर द्रवाचे प्रमाण जास्त होते आणि आकडा खोटाच वर जातो. तो पाहून डॉक्टर गोळी कमी करतात आणि रुग्णाची झडप धोक्यात येते. म्हणून रुग्णांना माझे सांगणे आहे: रक्त घेताना नळीवरची खूण बघा. ‘ताई, खुणेपर्यंत भरलंय ना?’ असे विचारणे अजिबात उद्धटपणाचे नाही.

ॲसिट्रॉम घेणाऱ्याच्या घरी सुरक्षितता कशी दिसते? स्वयंपाकघरापासून सुरू करू. मेथी, पालक, शेपू, अळू, चाकवत या पालेभाज्यांत जीवनसत्त्व ‘के’ भरपूर असते. त्या सोडायच्या नाहीत. दर आठवड्याला साधारण सारख्या प्रमाणात खायच्या. अडचण होते ती एकदम बदल झाल्याने. श्रावणात सलग उपवास धरून जेवण निम्मे केले की आकडा वर जाऊ शकतो. थंडीत रोज मेथीची भाजी सुरू झाली की खाली. उपवास करायचाच असेल तर आधी सांगा, एक तपासणी जास्त करू.

दुसरा धोका औषध दुकानात आहे. गुडघा दुखतो म्हणून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन घेतले की पोटात रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते. मेट्रोनिडॅझोल, कोट्रायमॉक्साझोल यांसारखी प्रतिजैविके आणि फ्लुकोनॅझोल हे बुरशीविरोधी औषध आयएनआर झपाट्याने चढवतात. उलट क्षयरोगाच्या उपचारातले रिफॅम्पिसिन तो इतका खाली आणते की गोळीची मात्रा पुष्कळ वाढवावी लागते. नाव माहीत नसलेली चूर्णे आणि काढे यांचाही भरवसा धरता येत नाही. ताप-अंगदुखीला साधारणपणे पॅरासिटामॉल बरे, पण तेही मोठ्या मात्रेत रोज चालू ठेवले तर आकडा तपासावा लागतो. आणखी एक सवय आपल्याकडे पक्की आहे: ‘डॉक्टर, एक इंजेक्शन मारा, लवकर बरं वाटेल.’ ही गोळी चालू असताना कमरेत किंवा दंडात स्नायूत इंजेक्शन घेतले तर आत रक्त साचून मोठी गाठ होऊ शकते. दवाखाना कुठलाही असो, पहिले वाक्य हेच हवे: ‘मला रक्ताची गोळी चालू आहे.’

तरुण बायकांसाठी वेगळे सांगायला हवे. पाळीत रक्त जास्त जात असेल तर ते सहन करत बसू नका, उपाय आहेत. आणि मूल हवे असेल तर दिवस राहण्याआधी डॉक्टरांशी बोला. या गोळ्या नाळेतून बाळापर्यंत जातात आणि सुरुवातीच्या आठवड्यांत बाळाच्या घडणीला इजा करू शकतात. त्या काळात हेपॅरिनची इंजेक्शने देऊन वेगळी योजना आखता येते. हेपॅरिन नाळ ओलांडत नाही. १९१६ मध्ये जॉन्स हॉपकिन्समधल्या जे मॅक्लेन या वैद्यकीय विद्यार्थ्याच्या कामातून हेपॅरिनचा माग लागला. शंभर वर्षे उलटूनही ते दवाखान्यांचा आधार आहे.

आता गुठळी विरघळवणाऱ्या औषधांकडे वळतो, एका रुग्णेची हकिगत सांगून. ती ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबातली. झडप बदललेली, गोळी नीट चालू. दिवाळीनंतर टोळीबरोबर कारखान्यावर गेली. गोळ्या संपल्या, जवळ तपासणीची सोय नव्हती, मुकादमाकडून उचल घेतलेली असल्याने काम सोडून येणे शक्य नव्हते. काही आठवड्यांनी धाप लागून आली तेव्हा तिला झोपता येत नव्हते. छातीला स्टेथोस्कोप लावला. धातूच्या झडपेचा स्वच्छ ‘टिक्’ आवाज येतो, तो येत नव्हता. क्ष-किरण पडद्यावर पाहिले तर झडपेचे एक पान हलत होते, दुसरे अडकलेले. आम्ही स्ट्रेप्टोकायनेज सुरू केले. आधी अडीच लाख युनिट, मग तासाला एक लाख युनिट. दर काही तासांनी रक्तदाब, बोलणे, हातपाय हलतात का, सगळे पाहत राहिलो, कारण विरघळलेला तुकडा सुटून मेंदूत जाण्याची भीती असते. दुसऱ्या दिवशी दोन्ही पाने हलू लागली. ती वाचली. अशाच प्रसंगात काही रुग्ण वाचत नाहीत, काहींना तातडीने पुन्हा शस्त्रक्रिया लागते.

यात विज्ञानाची एक विलक्षण गुंफण आहे. ज्या स्ट्रेप्टोकोकसने लहानपणी झडप बिघडवली, त्याच कुळातल्या जंतूंमध्ये गुठळी विरघळवणारा पदार्थ आहे, हे १९३३ मध्येच, म्हणजे कार्लसन मॅडिसनला आला त्याच वर्षी, विल्यम टिलेट आणि गार्नर यांनी दाखवले. स्ट्रेप्टोकायनेज आपल्या प्लाझ्मिनोजेनला जागे करते, त्याचे प्लाझ्मिन होते आणि ते फायब्रिन तोडते. हृदयविकाराच्या झटक्यात त्याचे मोल १९८८ च्या आयसिस-२ या चाचणीने सिद्ध केले. १७,१८७ रुग्णांत ॲस्पिरिन आणि स्ट्रेप्टोकायनेज यांपैकी एकही औषध न मिळालेल्यांपैकी १३.२ टक्के पाच आठवड्यांत दगावले. दोन्ही औषधे मिळालेल्यांत हे प्रमाण ८ टक्क्यांवर आले. चंदीगडच्या इमटेक संस्थेत गिरीश साहनी यांच्या गटाने स्ट्रेप्टोकायनेजचे देशी तंत्रज्ञान घडवले. पुढची पिढी, म्हणजे अल्टेप्लेज आणि टेनेक्टेप्लेज, गुठळीतल्या फायब्रिनला चिकटूनच जास्त काम करते. टेनेक्टेप्लेज आपल्या पुण्यातही बनते.

या औषधांचे घड्याळ कडक असते. हृदयाचा झटका आला आणि जवळ वेळेत अँजिओप्लास्टी शक्य नसेल, तर पहिल्या दोन-तीन तासांत दिलेले औषध सर्वांत जास्त स्नायू वाचवते. बारा तासांनंतर फायदा फारसा उरत नाही. मेंदूचा झटका असेल तर मर्यादा साडेचार तास. मोठी रक्तवाहिनी बंद झालेली असते तेव्हा उपचार न मिळालेल्या मेंदूतल्या सुमारे १९ लाख चेतापेशी दर मिनिटाला मरतात. तोंड वाकडे झाले, हात उचलत नाही, बोलणे अडखळते, यांतले एक जरी दिसले तरी वेळ बघा, लिहून ठेवा आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या ठिकाणी थेट जा. घरी ॲस्पिरिन देऊ नका. गुठळीचा झटका आणि रक्तस्रावाचा झटका बाहेरून सारखाच दिसतो. तो फरक स्कॅनच सांगतो. रक्तस्रावावर हे औषध दिले तर ते जीवघेणे ठरेल.

औषध देण्यापूर्वी डॉक्टर इतके प्रश्न का विचारतात, तेही यातूनच समजते. पूर्वी मेंदूत रक्तस्राव झाला होता का? नुकतीच शस्त्रक्रिया? डोक्याला मार? रक्तदाब १८५/११० च्या वर? आयएनआर १.७ पेक्षा जास्त? हे औषध चांगली गुठळी आणि वाईट गुठळी असा भेद करत नाही. जिथे शरीराने जखम बंद केली असेल, तिथलेही टाके उसवते. अशा वेळी ॲसिट्रॉमची मात्रा आणि आयएनआर लिहिलेली वही खिशात असेल तर दहा मिनिटे वाचतात. ती दहा मिनिटे कधी अख्खा हात परत देतात.

नव्या गोळ्यांविषयीही विचारतात: डॅबिगॅट्रान, रिव्हॅरोक्सॅबान, ॲपिक्सॅबान. वारंवार आयएनआर लागत नाही, खाण्याची बंधने नाहीत. झडपेचा आजार नसलेल्या, कर्णिका थरथरणाऱ्या वृद्धांसाठी आणि पायातल्या गुठळीसाठी त्या उत्तम आहेत. त्यांतही मूत्रपिंडाची तपासणी आणि रोजची नियमितता हवी, कारण मात्रा चुकली की काही तासांतच संरक्षण ओसरते. पण धातूच्या झडपेला त्या चालत नाहीत. डॅबिगॅट्रानची तशी चाचणी गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढल्यामुळे थांबवावी लागली. संधिवाती झडपेच्या रुग्णांतही २०२२ च्या इन्व्हिक्टस चाचणीत, साडेचार हजारांहून अधिक रुग्णांत, जुनीच औषधे सरस ठरली. नवे आणि महाग म्हणून ‘तेच द्या’ असा आग्रह धरू नका.

तसाच गैरसमज ॲस्पिरिनचा. झटका येऊन गेलेल्याला, स्टेंट बसवलेल्याला ते संजीवनी आहे. स्टेंटनंतर सांगितलेला काळ संपण्याआधी क्लोपिडोग्रेल मनाने बंद करणे म्हणजे स्टेंट बंद पडण्याला आमंत्रण. दात काढायचा असला तरी आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा. पण निरोगी माणसाने ‘काळजी म्हणून’ रोज ॲस्पिरिन घ्यावे का? सत्तरीच्या आसपासच्या १९,११४ निरोगी वृद्धांवर झालेल्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ॲस्प्री चाचणीत त्यांना फायदा दिसला नाही. गंभीर रक्तस्राव मात्र वाढला.

यांपैकी कोणतीही गोळी चालू असताना काळ्या डांबरासारखी शौच, लाल लघवी, न थांबणारे नाकातले रक्त, विचित्र डोकेदुखी, डोक्यावर पडणे: यांतले काहीही झाले तर थांबू नका, त्याच दिवशी दाखवा. गोळी रोज ठरलेल्या वेळी घ्या. वहीत तारीख, मात्रा आणि आयएनआर लिहा. ‘पाव’ आणि ‘अर्धी’ याबाबत शंका असेल तर फोन करा.

आता शेवटचे आणि मला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे. आतापर्यंत मी रुग्णाने काय करायचे ते सांगितले. पण त्या ऊसतोड कामगार बाईचा दोष काय होता? तिला गोळीचे महत्त्व माहीत होते. तिच्या वाटेवर गोळी नव्हती आणि तपासणी नव्हती. आपण लाखो रुपये खर्चून झडप बसवतो आणि नंतर काही शे रुपयांच्या तपासणीअभावी ती अडकू देतो. याला मी उपचार म्हणणार नाही. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात आयएनआर झाला पाहिजे, आणि त्याच दिवशी. हंगामात साखर कारखान्यांच्या तळांवर फिरत्या पथकाने बोटाच्या थेंबातून तो मोजला पाहिजे. तशी छोटी यंत्रे आज उपलब्ध आहेत. शाळेत घसा दुखणाऱ्या मुलाचा घसा कुणीतरी नीट तपासला पाहिजे, म्हणजे पुढची झडपच वाचेल. हे सगळे आजच्या ज्ञानाने आणि आजच्या पैशात होण्यासारखे आहे.

या व्याख्यानमालेने आपल्या तालुक्यात एक आयएनआर-वही छापून प्रत्येक औषध दुकानात आणि आरोग्य केंद्रात ठेवावी, आणि आपल्या ग्रामीण रुग्णालयात ही तपासणी नियमित व्हावी म्हणून जिल्हा परिषदेकडे ठराव पाठवावा, अशी माझी विनंती आहे. ठरावावर पहिली सही मी आजच करायला तयार आहे. दुसरी तुमची हवी.